लोकल आहे, फार घाबरू नका

संगणकाच्या सुरक्षिततेविषयी लिहिणारे-बोलणारे लोक 'लोकल' असा एक शब्द वापरतात. कुठल्याशा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये भगदाड सापडलं अशी बातमी आली, की त्यांचा पहिला प्रश्न असतो: रिमोट आहे की लोकल? रिमोट म्हणजे दूर कुठेतरी बसलेला, तुमच्या यंत्राला कधी हातही न लावलेला माणूस इंटरनेटवरून आत शिरू शकतो. लोकल म्हणजे ज्याला त्या यंत्रावर आधीपासूनच जागा आहे, ज्याचं तिथं खातं आहे, जो समोरच्या खुर्चीत बसू शकतो, त्यालाच ते भगदाड वापरता येतं. उत्तर 'लोकल' असं आलं की ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो.

हा शब्द माझ्या कानावर पडला तो 2018 सालच्या दिवाळीच्या आधी. आमच्या सल्ला केंद्रात तेव्हा देणगीत आलेले दोन जुने संगणक होते. परवान्याचे पैसे वाचावेत म्हणून त्यांवर लिनक्स घातलेलं. त्यांची देखभाल करायला येणारा तरुण मित्र, मनाने चळवळीचाच, म्हणाला, "ताई, डिस्प्ले सर्व्हरमध्ये भगदाड सापडलंय, अपडेट करून टाकतो. पण लोकल आहे, फार घाबरू नका. त्यासाठी माणूस आधीच आत असायला लागतो." मी विचारलं, "आत म्हणजे कुठे?" तो म्हणाला, "म्हणजे घरातलाच." बाहेरच्या बाकावर त्या वेळी तीन बाया बसल्या होत्या आणि तिघीही घरातल्याच माणसांविरुद्ध तक्रार घेऊन आल्या होत्या.

तेव्हापासून मी या एका भगदाडाविषयी मिळेल ते वाचत आले. मी संगणकशास्त्र शिकलेली नाही. पण हे प्रकरण आपल्या कामाच्या इतकं जवळचं आहे की ते तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही, असं माझं मत झालं आहे.

आधी ते काय होतं ते समजून घेऊ. संगणकाच्या पडद्यावर आपल्याला खिडक्या दिसतात, एकीत पत्र, दुसरीत हिशेब. कुठली खिडकी कुठे काढायची, कीबोर्डवर दाबलेलं अक्षर कुठल्या खिडकीपर्यंत पोचवायचं, हे बघणारा एक प्रोग्राम पडद्यामागे सतत चालू असतो. तोच डिस्प्ले सर्व्हर. लिनक्स आणि तिच्या नात्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे काम वर्षानुवर्षं 'एक्स' नावाच्या व्यवस्थेने केलं. 1984 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ती जन्मली, 1987 मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, आणि ती अकरावीच आजही पुष्कळ यंत्रांवर चालते. तिचा सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रोग्राम म्हणजे एक्स.ऑर्ग सर्व्हर.

लिनक्सवर प्रत्येकाचं खातं वेगळं असतं. माझ्या फायली माझ्या, दुसरीच्या तिच्या. या सगळ्यांच्या वर 'रूट' नावाचं एक खातं. रूटला काहीही वाचता येतं, बदलता येतं, पुसता येतं. एक्सच्या सर्व्हरला पूर्वी पडद्याच्या हार्डवेअरशी थेट बोलावं लागायचं, म्हणून तो कुणीही सुरू केला तरी रूटच्या अधिकाराने चालायचा. शिपायाने सकाळी कार्यालय उघडायचं आहे, तर त्याच्या हाती तिजोरीसकट सगळ्या किल्ल्यांचा जुडगाच देऊन टाकायचा, असा हा प्रकार.

आता हा सर्व्हर सुरू करताना त्याला काही सूचना देता येतात. तुझे मदतनीस प्रोग्राम अमुक जागेवरून उचल, ही एक. तुझ्या कामाची नोंद अमुक फाइलमध्ये लिही, ही दुसरी. सुरू करणारा माणूस साधा आणि अधिकार मात्र रूटचा, अशा वेळी या दोन्ही सूचना नाकारायला हव्यात, हे उघड आहे. 2016 च्या अखेरीस आलेल्या 1.19 या आवृत्तीपासून ही तपासणी नीट होईनाशी झाली. त्यामुळे साधं खातं असलेला कुणीही स्वतःचा प्रोग्राम मदतनीस म्हणून पुढे करून तो रूटच्या हक्काने चालवून घेऊ शकत होता. किंवा कामाची नोंद म्हणून थेट पासवर्डच्या फाइलवरच लिहायला लावू शकत होता. 25 ऑक्टोबर 2018 रोजी हे जाहीर झालं. त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-2018-14665. एक्स.ऑर्गच्या निवेदनात शोधाचं श्रेय नरेंद्र शिंदे यांना दिलेलं आहे. जाहीर झाल्यावर लगोलग एका तज्ज्ञाने एका ट्विटमध्ये मावेल एवढ्या मजकुरात संपूर्ण यंत्राचा ताबा घेऊन दाखवला. रेड हॅट, उबुंटू, ओपनबीएसडी, सगळीकडे धावपळ झाली. दुरुस्त केलेली 1.20.3 ही आवृत्ती त्याच दिवशी निघाली.

मला धक्का बसला तो याच्या पुढचं वाचून. हेच भगदाड, याच दोन सूचनांमधून, बारा वर्षांपूर्वी एकदा सापडलेलं होतं. मार्च 2006 मध्ये. तेव्हा तपासणी होती, पण लिहिणाऱ्याच्या हातून एका ठिकाणी दोन कंस राहून गेले होते. त्या कंसांमुळे काय बिघडलं? 'हा प्रोग्राम कोणाच्या अधिकाराने चालतो आहे' असं विचारायचं होतं. कंस नसल्यामुळे प्रत्यक्षात 'असं विचारायची सोय आपल्याकडे आहे का' एवढंच तपासलं जाई. सोय तर होतीच. त्यामुळे उत्तर कायम 'हो', आणि दार कायम उघडं. हे वाचताना मला कामाच्या ठिकाणच्या तक्रार समित्या आठवल्या. 2013 च्या कायद्यानंतर फॉर्मवर रकाना आला: समिती आहे का? हो. ती कधी बसली का, तिच्यापुढे आलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे तो रकाना विचारत नाही.

कंसांची ती चूक माणसाला दिसली नव्हती, चुका शोधणाऱ्या एका प्रोग्रामला दिसली. मग दुरुस्ती झाली, आणि पुढे कोणीतरी घर आवरताना तीच चौकट पुन्हा सैल केली. दुरुस्तीची आठवण राहत नाही, हा चळवळीतला अनुभव इथेही खरा ठरला. याच एक्सच्या अक्षरचित्रं वाचणाऱ्या भागात 1991 पासून राहिलेली एक गंभीर चूक 2014 च्या जानेवारीत जाहीर झाली. बावीस वर्षं ती तिथंच होती.

अजून एक गोष्ट सांगते, कारण तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही. 2018 चं ते भगदाड जाहीर होण्याआधी काही मोठ्या कंपन्यांना आणि संघटनांना आगाऊ कळवलेलं होतं. ते रीतीला धरूनच आहे, दुरुस्ती तयार ठेवता यावी म्हणून. पण ओपनबीएसडी ही सुरक्षिततेचाच ध्यास घेतलेली ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या लोकांना कळवलं नाही. त्यांची नवी 6.4 आवृत्ती बरोबर एक आठवडा आधी, 18 ऑक्टोबरला, त्या भगदाडासकट बाहेर पडली. त्यांचे प्रमुख थिओ डी राट यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. कोणाला आधी सांगायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न तिथेही आहेच. आणि जिथे ओपनबीएसडीला विचारत नाहीत, तिथे जुन्या संगणकावर बायांच्या केस फायली ठेवणाऱ्या केंद्राला कोण विचारणार?

आता 'लोकल'कडे येते. भगदाड किती धोक्याचं, हे मोजायला जगभर सीव्हीएसएस नावाची गुणपद्धती वापरतात. दहापैकी गुण देतात. तिच्या तिसऱ्या आवृत्तीच्या हिशेबात, हल्लेखोर नेटवर्कवरून येऊ शकत असेल तर 0.85 हा आकडा धरतात. तो लोकल असेल तर 0.55. आणि यंत्राला प्रत्यक्ष हात लावूनच काम होणार असेल तर 0.20. म्हणजे माणूस जितका जवळचा, तितका धोका कमी. या हिशेबामागे तर्क आहे, तो मी नाकारत नाही. दूरून येणारे लाखो असू शकतात, घरातला एकच. जगातल्या सगळ्या यंत्रांचा एकत्र विचार करणाऱ्याला तो एक किरकोळ वाटणारच.

पण आपण सगळ्या यंत्रांचा विचार करत नाही. आपल्यासमोर एक बाई बसलेली असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, 31.4 टक्के, 'पती वा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता' या कलमाचा होता. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे. या बाईसाठी 0.85 आणि 0.20 यांची अदलाबदल करावी लागेल. तिला रशियातल्या चोराची भीती नाही. तिच्या उशाशी झोपणाऱ्याची आहे.

मायक्रोसॉफ्टने 2000 साली सुरक्षिततेचे दहा अढळ नियम म्हणून एक यादी काढली होती. त्यातल्या एका नियमाचा आशय असा: वाईट माणसाला तुमच्या संगणकापाशी मोकळेपणी वावरता येत असेल, तर तो संगणक आता तुमचा राहिलेला नाही. तांत्रिकदृष्ट्या यात फारसं खोटं नाही. पण बाईच्या कानांना हे वाक्य ओळखीचं वाटतं. नवरा घरातच आहे, तो मारतो, मग तूच घर सोड. कायदाही बराच काळ असंच म्हणत आला. 1983 मध्ये 498 अ आलं तेव्हा घरातल्या क्रूरतेला प्रथम गुन्ह्याचं नाव मिळालं. पण मारणारा आणि मार खाणारी एकाच छपराखाली आहेत आणि तरीही तिला तिथं सुरक्षितपणे राहण्याचा हक्क आहे, हे मान्य व्हायला 2005 चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा यावा लागला. ऑक्टोबर 2006 मध्ये तो लागू झाला. त्याच्या कलम 17 मधला सामायिक घरात राहण्याचा हक्क मिळवायला किती वर्षं गेली, ते आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. (आणि नवऱ्याने केलेला बलात्कार अजूनही कायद्याच्या लेखी बलात्कार नाही. तिथं 'लोकल' म्हणजे माफच.)

संगणकातही एक सामायिक घर असतं. एकच यंत्र, त्यावर नवऱ्याचं खातं, बायकोचं खातं, मुलांचं खातं. आपण शिबिरांतून बायांना सांगत असतो की घरचा संगणक वापरावाच लागत असेल तर स्वतःचं वेगळं खातं करा, त्याला स्वतःचा पासवर्ड ठेवा. सल्ला बरोबरच आहे. पण हा सगळा सल्ला दोन खात्यांमधल्या भिंतीवर उभा आहे. 2018 च्या भगदाडाने नेमकी हीच भिंत पाडली होती. ज्याचं त्या यंत्रावर साधं खातं आहे त्याने एक ओळ लिहायची आणि सगळ्यांच्या खोल्या त्याच्या. ज्या दोषाला तज्ज्ञ 'लोकल' म्हणून खालच्या पायरीवर बसवतात, तो आपल्या सल्ल्याच्या पायाखालचाच दगड काढून घेतो.

आणि भिंत शाबूत असतानाही एक्सच्या घरात दुसरी अडचण होतीच. योआना रुत्कोव्स्का या पोलंडच्या सुरक्षातज्ज्ञ स्त्रीने एप्रिल 2011 मध्ये ती साध्या भाषेत मांडली. एक्सवर एकाच पडद्यावर चालणारे सगळे प्रोग्राम एकमेकांचं सगळं ऐकू शकतात. एका खिडकीत टाइप केलेला पासवर्ड दुसऱ्या खिडकीतल्या प्रोग्रामला टिपून घेता येतो. त्यासाठी रूट लागत नाही, भगदाडही लागत नाही. बांधणीच तशी. एक्स जन्मला तेव्हा एकाच माणसाचे प्रोग्राम एकमेकांचे वैरी असतील असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. कुटुंबातल्यांनी एकमेकांपासून काय लपवायचं, असं म्हणणारे आपल्याकडेही भेटतात. रुत्कोव्स्काने क्यूब्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिमही उभी केली. तिच्यात एकाच माणसाच्या निरनिराळ्या कामांसाठी वेगवेगळ्या बंद खोल्या असतात. घराच्या आत दारं हवीत, हे तंत्रज्ञांना ठासून सांगणारी बाई होती, याची नोंद मला इथं करावीशी वाटते.

2008 मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्सला पर्याय म्हणून वेलँडचं काम सुरू केलं. त्यात एका खिडकीचं टंकन दुसरीला ऐकू जात नाही. फेडोराने 2016 मध्ये आणि उबुंटूने, मधे एकदा मागे फिरून, 2021 मध्ये ते नेहमीची व्यवस्था म्हणून स्वीकारलं. 2025 मध्ये आलेल्या रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीतून एक्स.ऑर्ग सर्व्हर काढूनच टाकलेला आहे. म्हणजे सुधारणा होते. मात्र देणगीत आलेल्या यंत्रांवर ती उशिरा पोचते, कधी पोचतच नाही.

एका जुन्या मैत्रिणीला मी हे सारं सांगितलं तेव्हा ती वैतागली. म्हणाली, आपल्या बायांकडे स्वतःचा फोन धड नाही आणि तू लिनक्सच्या भगदाडांच्या गोष्टी सांगतेस! तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. 2018 मध्ये न्यू यॉर्कमध्ये डायना फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीदाराच्या हिंसेतून वाचलेल्या 39 आणि अशा लोकांबरोबर काम करणाऱ्या 50 जणांशी बोलून एक अभ्यास केला. त्यात दिसलं ते हेच, की छळणाऱ्याला बहुतेक वेळा कुठलीही तांत्रिक करामत लागत नाही. त्याला पासवर्ड माहीत असतो, किंवा तो धाकाने काढून घेतो, किंवा फोन त्यानेच विकत घेऊन दिलेला असतो. त्याच वर्षी नित्या संबासिवन आणि इतरांचा भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या स्त्रियांविषयीचा अभ्यास आला. बाईचा फोन हा घराचा फोन, असं गृहीत धरलं जातं, आणि त्यातूनही बाया ॲपला कुलूप लावून, संदेश पुसून, काहीच नसल्याचं दाखवून आपली थोडीशी जागा राखतात, हे त्यात आलं आहे.

तेव्हा सगळे नवरे एक्सचं भगदाड वापरतात असं माझं म्हणणं नाही. फार थोडे वापरत असतील. पण जो संगणकाचंच काम करतो असा नवरा आता पुण्या-मुंबईत दुर्मिळ राहिलेला नाही. आमच्याकडे येणाऱ्या शिकलेल्या बाया सांगतात, "तो आयटीत आहे, त्याला सगळं कळतं." त्या वाक्यातली भीती अर्धी त्याच्या ज्ञानाची असते आणि अर्धी आपल्याला काही कळत नाही याची. दुसऱ्या अर्ध्यावर आपण काम करू शकतो. आणि पासवर्ड माहीत असलेला नवरा काय, भगदाड माहीत असलेला काय, तंत्रज्ञांच्या हिशेबात दोघंही एकाच कारणाने बाहेर राहतात. दोघंही आधीच आत असतात.

यावर एक सावधगिरीची सूचना, ही मी कामातून शिकलेली. बाईने अचानक पासवर्ड बदलला, पाळत ठेवणारा प्रोग्राम काढून टाकला, नवं खातं उघडलं, की ते त्याला कळतं. दार लावलं की आवाज होतो. तो आवाज ऐकून हात उगारला गेल्याची उदाहरणं आपल्या सर्वांकडे आहेत. म्हणून आधी ती रात्री कुठे जाऊ शकेल ते ठरवायचं, पुरावा जपायचा, आणि यंत्राला हात नंतर लावायचा. तोवर महत्त्वाचं काही लिहायचं असेल तर ते घरच्या संगणकावर लिहायचंच नाही. मैत्रिणीकडे, केंद्रात, जिथे तो पोचत नाही तिथे लिहायचं. कुठलंही अपडेट याची जागा घेऊ शकत नाही.

केंद्रांच्या स्वतःच्या संगणकांचं मात्र आपण आजच बघू शकतो. मदतीला येणारे मित्र भले असतात, त्यांच्याशी भांडायचं कारण नाही, पण त्यांना प्रश्न विचारायला हवेत. यावर कुठली आवृत्ती आहे आणि तिला अजून दुरुस्त्या मिळतात का? यावर एक्स चालतं की वेलँड? एक्स असेल तर ते रूटच्या अधिकाराने चालतं का? हे तीन प्रश्न त्यांना कळतात आणि उत्तर द्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. एकाच खात्यावर पाच कार्यकर्त्या काम करतात का, संध्याकाळी मुलांना खेळायला तोच संगणक दिला जातो का, हे आपलं आपणच तपासायचं. मग शेवटचा प्रश्न: ज्याने हा संगणक बसवून दिला, त्याच्याकडे रूटचा पासवर्ड अजून आहे का? एका संस्थेत मी हे विचारलं तेव्हा सगळ्याजणी एकमेकींकडे बघू लागल्या. पासवर्ड फक्त त्याच्याकडेच होता, आणि तो काम सोडून गेल्याला दोन वर्षं झाली होती.